दम लागला पाहिजे

प्रिय मित्रा,

तुझा परवाचा मेसेज दोनदा वाचला. ‘दादा, रोज दीड तास फिजिओ चालू आहे, पाय हलवून घेतो, टिल्ट टेबलवर (पट्ट्यांनी बांधून हळूहळू उभं करणारं टेबल) उभा राहतो, मग वेगळा व्यायाम कशाला?’ मज्जारज्जूला इजा होऊन तुझ्यासारखेच माझेही पाय गेले, त्यानंतरची पहिली चार वर्षं मलाही असंच वाटायचं. आई रोज सकाळी माझे पाय वाकवून सरळ करून द्यायची. तिच्या कपाळावरचा घाम पदरानं पुसताना मी बघायचो आणि म्हणायचो, झाला आजचा व्यायाम. व्यायाम तिचा होत होता.

ते सोडू नकोस, सांधे आखडू नयेत म्हणून ते हवंच. पण त्यानं हृदयाला काम मिळत नाही. चालणाऱ्या माणसाच्या पोटऱ्या पावलागणिक रक्त वर ढकलतात. आपल्या पोटऱ्या थांबल्या, खालच्या रक्तवाहिन्या आवळायचा निरोपही तुटला, म्हणून रक्त पायातच साचतं आणि हृदयाकडे कमी परततं. कमी रक्तावर भागवायची सवय लागली की हृदयही सुस्तावतं. मांड्यांचे स्नायू वाळतात, म्हणजे साखर खपवणारी मोठी जागाच जाते. स्नायू गेले तिथे चरबी आली तर वजनकाटा काहीच बोलत नाही. म्हणून आपल्यासाठी बीएमआयची (उंचीच्या मानानं वजन) 25 ची रेघ धरायची नाही, 22 च्या पुढे गेलं की सावध व्हायचं. माझं चांगलं कोलेस्टेरॉल खाली आणि साखर काठावर आली तेव्हा मी 31 वर्षांचा होतो. तोवर मूत्राशयाबद्दल, जखमांबद्दल सगळे बोलले होते. हृदयाचं नाव कोणी काढलं नव्हतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

किती करायचं, तर 2018 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी खास आपल्यासारख्यांसाठी प्रमाण ठरवलं. दम टिकावा म्हणून आठवड्यातून दोनदा 20 मिनिटं, आणि जे स्नायू चालतात त्यांच्या ताकदीचे तीन-तीन सेट, तेही दोनदा. हृदय आणि साखरेसाठी मात्र आठवड्यातून तीनदा 30 मिनिटं. तू पाच मिनिटांपासून सुरू कर. हातांनी फिरवायचं पेडलचं मशीन टेबलावर ठेव, नाहीतर खुर्चीत बसून हवेत बुक्के मार. साधन कुठलंही चालेल, दम लागला पाहिजे.

घड्याळावरचे ठोके बघून हिरमुसू नकोस. हृदयाचा वेग वाढवायचा निरोप मज्जारज्जूच्या साधारण डी-1 ते डी-4 या पट्ट्यातून (डी म्हणजे पाठीचा भाग, आकडे वरून खाली) जातो आणि तुझी इजा नेमकी डी-4 ला आहे. तो पूर्ण पोचेलच असं नाही, म्हणून ठोके कमी वाढतील. बोलण्यावरून ओळख: दोन शब्द बोलता येतात पण गाणं म्हणता येत नाही, एवढा जोर हवा.

आता खांद्यांचं, आणि हे नीट वाच. उत्साहात मी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन रोज शंभर वेळा अंग उचलायचो. तीन महिन्यांनी एका रात्री पलंगावर सरकताना उजव्या खांद्यात अशी कळ आली की मी अर्धा पलंगावर, अर्धा खुर्चीत अडकलो. बाबांना हाक मारावी लागली. त्यांनी काखेत हात घालून उचललं तेव्हा त्यांची धाप माझ्या मानेवर लागत होती. पुढचे दोन महिने मी स्वतःचा स्वतः पलंगावरही जाऊ शकलो नाही. आपले खांदे हेच आपले पाय आहेत. ढकलायचं काम ते दिवसभर करतातच, म्हणून व्यायामात ओढायचं काम दे: खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांध, कोपर मागे ने, खांद्याची पाती एकमेकांजवळ आण. चाक ढकलतानाही झटके नकोत, लांब हात मार.

तुझी इजा डी-6 च्या वर आहे, म्हणून आणखी एक. व्यायामात अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, छातीच्या वर दरदरून घाम फुटला, तर तो दमण्याचा घाम समजू नकोस. ते ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया असू शकतं, म्हणजे इजेखालच्या एखाद्या त्रासानं बीपी अचानक चढणं. लगेच थांब, ताठ बस, पट्टे सैल कर, कॅथेटरची, म्हणजे लघवीची नळी दुमडली आहे का ते आधी बघ. नेहमीचं वरचं बीपी 100 असलेल्याला 125 सुद्धा जास्तच. उतरलं नाही तर दवाखाना गाठायचा, वाट बघायची नाही. तुझं नेहमीचं बीपी लिहिलेली चिठ्ठी खुर्चीच्या पिशवीत ठेव. सुरू करण्याआधी तुझ्या डॉक्टरांना हे पत्र दाखव.

पुण्याच्या एप्रिल-मेत दुपारी बाहेर पडू नकोस. इजेच्या खाली आपल्याला नीट घाम येत नाही, अंग तापतच राहतं.

मुरलीकांत पेटकरांना 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं, हे तुला ठाऊक असेल. पदकाचं सोड. जे हात उरले ते त्यांनी थकेपर्यंत वापरले, तेवढं घे.

रविवारी सकाळी साडेसहाला जंगली महाराज रस्त्यावर ये, संभाजी उद्यानाजवळ फुटपाथ रुंद आहे. येण्याआधी लघवी करून घे, हातमोजे घाल, तोंडावर मारायला पाण्याचा स्प्रे आण. आईला म्हणावं, ढकलायला यायचं नाही, नुसतं बघायला या.

तुझा,
दादा