भाषण लांबतं, जेवण निवतं

प्रश्न: आमच्या क्लबात पाहुण्या वक्त्यांचं भाषण आणि मग स्नेहभोजन असतं. भाषण हमखास लांबतं, सभासद मधूनच उठतात. काय करावं?

उत्तर: निमंत्रणातच लेखी कळवा: भाषण ३० मिनिटं, प्रश्नोत्तरं १५. नुसतं ‘थोडक्यात बोला’ म्हटलं की तासाची निश्चिंती! पहिल्या रांगेतल्या एकाने २५व्या मिनिटाला ‘५ मिनिटं’ लिहिलेला मोठ्या अक्षरांतला कागद वर धरावा. व्यासपीठावर चिठ्ठी पाठवू नका. ती उलगडून वाचताना वक्त्याची लय तुटते. खरा वेळ बऱ्याचदा परिचयच खातो. तो दोन मिनिटांत बसवा, मजकूर वक्त्यांकडून आधी तपासून घ्या. माइक अर्धा तास आधी चालवून बघा. आणि ताटं-वाट्या भाषणाआधीच मांडून ठेवा, नाहीतर खडखडाटात शेवटचे प्रश्न कुणालाच ऐकू येत नाहीत.