बार परीक्षेचा दिवस आणि ऑफिसचं पहिलं वर्ष : नव्या ज्युनिअरला पत्र

कोल्हापूर

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, हातात आली, आता बार परीक्षा आणि पाठोपाठ ऑफिस. दोन्हीबद्दल विचारलंस, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सनद मिळाल्यावर वकिली करता येते, पण दोन वर्षांच्या आत अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हावी लागते. ‘पुढच्या खेपेला बघू’ म्हणत पहिली संधी घालवू नकोस. परीक्षेला मूळ कायद्याची पुस्तकं घेऊन बसता येतं, त्यामुळे अभ्यास लागत नाही, असं बाररूममध्ये कुणी ना कुणी सांगेल. नापास होणाऱ्यांत असं मानून बसलेलेच पुष्कळ असतात. १०० प्रश्न, साडेतीन तास, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटं आणि वर सहा सेकंद. तेवढ्यात पुस्तक शोधायचं, कलम काढायचं, वाचायचं आणि उत्तरपत्रिकेतला गोल भरायचा. कलम साधारण कुठे आहे हे आधी माहीत नसेल, तर पुस्तक जवळ असूनही उपयोग नाही.

उत्तीर्ण व्हायला खुल्या आणि इतर मागास प्रवर्गाला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. अभ्यासक्रमात १९ विषय आहेत, पण सगळ्यांचं वजन सारखं नाही. राज्यघटना, दिवाणी प्रक्रिया संहिता आणि फौजदारी प्रक्रिया यांना प्रत्येकी १०. भारतीय न्याय संहिता, साक्ष अधिनियम, कौटुंबिक कायदे, आणि करार-मालमत्ता-विनिर्दिष्ट अनुतोष-चेक यांचा एकत्र गट, यांना प्रत्येकी ८. या सातांचेच ६२ गुण होतात. कंपनी, पर्यावरण, सायबर, भूसंपादन, बौद्धिक संपदा यांना दोन-दोन गुण आहेत. त्यांच्यासाठी रात्री जागवू नकोस. वकिली आचारसंहितेचे ४ गुण मात्र सोडू नकोस. ते नियम एका बैठकीत वाचून होतात आणि पुढे रोज लागतात.

पुस्तकं निवडताना टीपा, भाष्य, निवाडे काही नसलेली मूळ कायद्याचीच घे. गाईड किंवा टीपांचं पुस्तक दारातच काढून ठेवायला लावतात, आणि ज्या पुस्तकावर महिनाभर हात बसवला तेच हातात नाही म्हटल्यावर माणूस गडबडतो. पानांवर हाताने काही लिहू नकोस. परीक्षेच्या बाकावर आठ-दहा पुस्तकांपेक्षा जास्त मावत नाहीत. वरच्या सात विषयांची पातळ, सुटी पुस्तकं न्यायची. मराठी माध्यम घेतलंस तर एक अडचण आधीच ओळखून ठेव. प्रश्नपत्रिकेतली मराठी आणि कोर्टातली मराठी एक नाही. आपण ‘तपास’ म्हणतो, तिथे ‘अन्वेषण’ असेल. एकदा निकाल लागलेला वाद पुन्हा चालवता येत नाही, याला आपण ‘रेस ज्युडिकाटा’ म्हणतो, तिथे ‘प्राङ्न्याय’ छापलेलं असेल. कायदे इंग्रजीत वाचले असतील तर शेवटचे पंधरा दिवस मराठी मूळ प्रत शेजारी ठेवून वाच.

१ जुलै २०२४ पासून तिन्ही फौजदारी कायदे बदलले. परीक्षेला कलमांचे नवे आकडे लागतात, आणि कोर्टात जुन्या गुन्ह्यांच्या फायलींवर जुने आकडे दिसतात. खून ३०२ चा १०३ झाला, फसवणूक ४२० ची ३१८ पोटकलम ४, अटकपूर्व जामीन ४३८ चा ४८२, नियमित जामीन ४३९ चा ४८३, पोटगी १२५ ची १४४, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र ६५ ब चं ६३. गोंधळ कुठे होतो बघ : जुन्या फौजदारी संहितेत ४८२ हा हायकोर्टाचा अंगभूत अधिकार होता, तो आता ५२८ आहे, आणि ४८२ वर अटकपूर्व जामीन येऊन बसलाय. प्रश्न करणाऱ्याला हे ठाऊक असतं. अशा जोड्या स्वतःच्या हाताने वहीत लिहून काढ. तयार तक्ता नुसता वाचून त्या लक्षात राहत नाहीत.

सरावही शोधण्याचाच करायचा. घड्याळ लावून कुणाला तरी विषय सांगायला लाव, ‘मनाई हुकूम’, ‘मृत्यूपूर्व जबाब’, ‘हक्कसोड’, आणि अर्ध्या मिनिटात पान उघडतंय का बघ. रोज वीस शब्द, महिनाभर.

केंद्र पुण्याला आलं तर आदल्या दिवशीच मुक्कामाला पोच. साताऱ्याकडे जाताना महामार्गाची कामं चालू असली की चार तासांचे सहा कधी होतील सांगता येत नाही. प्रवेशपत्राच्या दोन छापील प्रती, मूळ ओळखपत्र, प्रवेशपत्रावर सांगितलेल्या रंगाची दोन बॉलपेनं. मोबाईल ठेवायला केंद्रावर सोय असेलच असं धरून चालू नकोस. आणि काळा कोट, बँड (गळ्यातली पांढरी पट्टी) घालून परीक्षेला जाऊ नये. कोर्टाबाहेर सार्वजनिक ठिकाणी बँड आणि गाऊन घालायचा नाही, असा बार कौन्सिलचाच नियम आहे.

हॉलमध्ये उत्तरपत्रिका हातात आली की पहिलं काम आसन क्रमांक आणि प्रश्नसंचाचं अक्षर. अक्षर चुकलं तर शंभर बरोबर उत्तरंही दुसऱ्याच संचाशी ताडली जातात. पहिले ऐंशी मिनिटं एकही पुस्तक उघडू नकोस. जे येतं ते सोडव, ज्याला पुस्तक लागेल त्याच्या आकड्याला प्रश्नपत्रिकेवर खूण कर. दहा प्रश्न झाले की दहा गोल भर. सगळे गोल शेवटी भरू म्हणणाऱ्यांची एक ओळ सरकते आणि पुढची सगळी उत्तरं एका घराने खाली जातात. मग पुढचे शंभर मिनिटं पुस्तकं, पण एकेका विषयाचे खुणा केलेले प्रश्न एकत्र घेऊन, म्हणजे तेच पुस्तक पाच वेळा उचलावं लागत नाही. शेवटची वीस-तीस मिनिटं राहिलेल्या अंदाजांची आणि गोल तपासण्याची.

आता ऑफिस.

पहिल्या वर्षात तुला युक्तिवाद करायला मिळेल असं समजू नकोस. सिनिअर तुझ्याकडून दोन गोष्टी बघतात : फाईलमध्ये काय कुठे आहे हे सांगता येतं का, आणि तारीख चुकते का. आदल्या संध्याकाळी ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर दुसऱ्या दिवसाचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, बघ, प्रत्येक फाईलचा शेवटचा रोजनामा, म्हणजे मागच्या तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद, वाच. पुकारा झाला की न्यायाधीश आधी ‘स्टेज काय’ असं विचारतात. तिथे फाईल चाळत बसलं की ऑफिसचं वजन कमी होतं. समन्स बजावल्यापासून कैफियतीला, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराला, ३० दिवस, आणि कोर्टाने कारणं नोंदवून वाढवले तर ९० पर्यंत. त्या तारखा वकीलपत्र दाखल केलं त्याच दिवशी डायरीत गेल्या पाहिजेत. निकाल लागला की नकलेचा अर्ज त्याच दिवशी दे. नक्कल मिळायला लागलेला काळ अपिलाच्या मुदतीतून वजा होतो, पण अर्ज करायला आपण लावलेला उशीर वजा होत नाही.

न वटलेल्या चेकच्या केसचं गणित एकदा करूनच दाखवतो, कारण ज्युनिअरच्या हातून सगळ्यात जास्त इथे चुकतं. चेक परत आल्याचं बँकेकडून ३ मार्चला कळलं. नोटीस ३० दिवसांत, म्हणजे २ एप्रिलपर्यंत निघाली पाहिजे. समोरच्याला ती ५ एप्रिलला पोचली. त्याला १५ दिवस, म्हणजे २० एप्रिल अखेर. २१ ला फिर्यादीचं कारण घडलं. तिथून एका महिन्यात फिर्याद. डायरीत मात्र शेवटच्या दिवसाच्या बऱ्याच आधीची, १० मे ही तारीख लिही. २१ एप्रिलच्या आधी फिर्याद केली तर मुदतपूर्व म्हणून जाते, १५ दिवस पुरे झाल्याशिवाय दाखल करताच येत नाही. उशीर झाला तर माफीचा अर्ज आणि पुरेसं कारण आलं. नोटीस पोचल्याची तारीख पोस्टाच्या ट्रॅकिंगवरून त्याच आठवड्यात छापून फाईलला लाव, कारण नंतर ती नोंद तिथे मिळत नाही.

आपल्या भागात वाटपाचे दावे भरपूर. पक्षकार चालू सातबारा घेऊन येतो आणि तेवढ्यावर दावा लिही म्हणतो. लिहू नकोस. आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा), मूळ मालकापासूनचे सगळे फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी), आणि तीन-चार पिढ्यांची वंशावळ समोर बसून काढून घे. बहिणी, आत्या विचारूनच घ्याव्या लागतात. ‘लग्न झालंय, तिचा काय संबंध’ असं उत्तर येतं. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क दिला, आणि विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टानं बाप दुरुस्तीच्या तारखेला जिवंत असण्याची गरज नाही, हेही स्पष्ट केलं. तिला पक्षकार केलं नाही तर आवश्यक पक्षकार नाही म्हणून दावा वर्षानुवर्षांनी पुन्हा मागे येतो. संस्थानकाळातला कागद मोडीत निघाला तर अंदाजाने वाचू नकोस. मोडी जाणकाराकडून सहीचं लिप्यंतर करून घे.

१८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सुरू झालं, आणि सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गसह सहा जिल्ह्यांचं काम इथे आलं. जी संधी मुंबईत खोली घेतल्याशिवाय मिळत नव्हती ती आता घरी जेवून मिळते. आठवड्यातून एक दुपार तरी मागच्या बाकावर बसून ऐक. तिथे गाऊन लागतो, आणि उन्हाळ्यात कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात मिळणारी काळ्या कोटाची सवलत हायकोर्टात नाही.

पैशाचं बोलायला लाजू नकोस. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली आहे. ती बंधनकारक नाही, आणि बऱ्याच ऑफिसांत एवढे मिळत नाहीत. निदान ठरलेली रक्कम कधी आणि कशी मिळणार, हे पहिल्याच दिवशी विचारून घे. पक्षकाराचे पैसे किंवा मूळ कागद मात्र ऑफिसच्या पावतीशिवाय हातात घेऊ नकोस. कोर्ट फीचे पाचशे रुपये असले तरी पावती.

केंद्राचं शहर कळलं की फोन कर, संध्याकाळी आठनंतर. कोणती पुस्तकं न्यायची ते एकदा मिळून बघू.

तुझा हितचिंतक