याकिमाला हॉप्सच्या हंगामात जातोय. ब्रुअरीत घरची बिअर सोबत न्यावी का?

न्या. दोन बाटल्या न्या, आणि ज्याच्याशी तुमचा बिअरवरून वाद चालू असेल त्यालाही गाडीत घाला. मी माझ्या मित्राला नेलं नाही, ते अजून भोगतोय.

तुम्ही लिहिलंय की पोर्टलंडला राहता, तीन वर्षं घरी बिअर बनवता, सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा व्हॅलीत, हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या वेलाच्या बोंडांच्या) काढणीला जायचंय. ब्रुअरी कुठली बघावी, काय विचारावं, आणि आपली बाटली ब्रुअरपुढे ठेवणं आगाऊपणा होईल का. शेवटच्या प्रश्नावर मला बोलायचंय.

मी आणि माझा एक नागपूरकर मित्र सिएटलजवळ त्याच्या गॅरेजमध्ये बिअर बनवतो. खर्च निम्मा-निम्मा, भांडणं पूर्ण. आमची आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्सची कडवट बिअर, पहिले दोन आठवडे झकास लागायची. तिसऱ्या आठवड्यात तिला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास यायचा आणि छान पिवळा रंग मळून, उरलेल्या चहासारखा व्हायचा. त्याचं म्हणणं, मी सेलमधले गेल्या वर्षीचे हॉप्स आणतो, कंजूषपणा नडतो. माझं म्हणणं, तो दिवसातून तीनदा फर्मेंटरचं, म्हणजे आंबवायच्या भांड्याचं, झाकण उघडून आत बघतो, पाळण्यातल्या पोराला बघतात तसं. चार वर्षं हेच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसला माणूस.

2022च्या सप्टेंबरमध्ये त्याचे सासू-सासरे आले होते, म्हणून मी एकटाच निघालो. स्नोक्वाल्मी घाटापर्यंत पाऊस, घाट उतरलं की आकाश कोरडं ठणठणीत आणि डोंगर तपकिरी. कॅस्केड पर्वत ढग अडवतो. याकिमाला वर्षाला जेमतेम 200 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे सगळी शेती डोंगरावरच्या बर्फाच्या पाण्यावर, पाटांतून. आपल्याकडे देश आणि कोकण, तसंच हे, फक्त इथे समुद्राच्या बाजूला आम्ही राहतो. अमेरिकेतल्या हॉप्सपैकी सुमारे तीन चतुर्थांश याच खोऱ्यात होतात.

एका शेतकऱ्याने मळ्यात सोडलं. अठरा फूट उंच खांब, वर तारा, तारांवरून खाली आलेल्या दोऱ्या आणि त्यांना विळखे घालून चढलेले वेल. दोरीला हात लावला आणि थबकलो. काथ्या! माझं आजोळ वेंगुर्ल्याचं, नारळाची सोडणं कुजवून काथ्या वळताना मी बघितलंय, ती खरखर हाताला कळते. शेतकरी म्हणाला, श्रीलंकेहून येतो. वेलाच्या अंगावर बारीक आकडे असतात, ते या खरखरीत दोरीला धरून चढतात. काढणीला वेल दोरीसकट कापायचा, मागे राहील ते शेतातच कुजतं. पाचएक मिनिटं मी नुसती ती दोरी चाचपत उभा होतो.

त्याने एक बोंड तळहातावर चुरडून नाकाशी धरायला सांगितलं. आत पिवळी भुकटी असते, ल्युप्युलिन. सगळी जादू तीच. सिट्रा जातीचा होता, पिकलेल्या आंब्याच्या जवळ जाणारा वास. शेजारच्या मोझॅक जातीला थोडा कांदा-लसूण येत होता. काढणी लांबली की असं होतं म्हणे. हात दिवसभर चिकट राहिले, स्टिअरिंगसुद्धा.

मग तिथून जवळच्याच एका छोट्या ब्रुअरीत. नाव लिहीत नाही, कारण त्या बाईंनी कामाच्या धामधुमीत मला अर्धा तास दिला आणि उद्या सगळे बाटल्या घेऊन त्यांच्या दारात नकोत. ओल्या हॉप्सची बिअर चालू होती. सकाळी तोडलेली बोंडं न वाळवता तशीच पोत्यांतून ओतत होते. ताज्या बोंडात सुमारे 80 टक्के पाणी असतं, भट्टीत वाळवून ते दहाच्या आसपास आणतात, म्हणून ओले वापरायचे तर वजनाने पाच-सहा पट लागतात. शिवाय टाकीतली बरीच बिअर तो चोथाच पिऊन टाकतो.

मी भीत भीत बाटली काढली. त्यांनी ओतली, उजेडात धरली, वास घेतला, आणि पिण्याआधीच म्हणाल्या, हवा लागली आहे. मी लगेच विचारलं, हॉप्स जुने असतील का? त्या उठल्या, मागच्या खोलीतून एक उघडी राहिलेली जुनी पिशवी आणली आणि माझ्या नाकाखाली धरली. जुनाट चीज, न धुतलेले मोजे. जुन्या, उबेत पडलेल्या हॉप्सचा वास हा असतो, पुठ्ठ्याचा नाही. पुठ्ठा म्हणजे आंबवण झाल्यावर आत गेलेला ऑक्सिजन, आणि रंग काळवंडतो तोही त्यानेच. मी मनात गॅरेजमध्ये पोचलो होतो.

परत येऊन मित्राला सांगितलं. तो म्हणाला, त्या बाईंना काय माहीत तू कुठले हॉप्स टाकलेस! म्हणून म्हणतो, माणूस सोबत न्या. त्या पिशवीचा वास फोनवरून पाठवता येत नाही.

आता तुमचे बाकीचे प्रश्न. काढणी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरअखेर, दिवस-रात्र चालते, तेव्हा शनिवार टाळा आणि आधी फोन करा. मळ्याच्या मधोमध बसून प्यायचं असेल तर याकिमाजवळच्या मॉक्सीला बेल ब्रेकर ही ब्रुअरी आहे. 2013ला सुरू झाली, पण ते घराणं 1932पासून हॉप्स लावतंय. बर्ट ग्रँट नावाच्या ब्रुअरने 1982ला याकिमातच पब काढला होता, दारूबंदीनंतरचा अमेरिकेतला पहिला ब्रूपब (बिअर बनते तिथेच प्यायला मिळते असा पब) तोच. ब्रुअरला पाककृती विचारू नका, तो कंटाळलेला असतो. बिघडलेली बॅच विचारा, मग बघा कसा बोलतो. आणि सर्वोत्तम बाटली नेऊ नका, जी बिघडते तीच न्या. कौतुक ऐकायचं असेल तर घरी बायको आहे. (माझी पीत नाही, म्हणून करते.)

बाटली उघडण्याआधी मात्र विचारा. परवान्याच्या जागेत बाहेरची दारू सगळ्यांना चालत नाही. परतीची गाडी दुसऱ्याला चालवू द्या. आणि पुण्या-मुंबईहून कोणी हे वाचत असेल तर महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी दारू गाळणं तर सोडाच, बिअर बनवणंही गुन्हा आहे, माझ्या भरवशावर बादली आणू नका.

एक राहिलं. त्या बाईंनी झाकणाबद्दल ऐकून घेतलं आणि मग विचारलं, बाटल्या कशा भरता? नळी तळापर्यंत न्यायची असते, बिअर खालून शांत चढली पाहिजे. वरून धार सोडली की फेस येतो आणि प्रत्येक बुडबुड्यासोबत हवा आत जाते.

आमच्याकडे बाटल्या भरायचं काम माझ्याकडे होतं. आता नळी तळापर्यंत घालतो, झाकण तो अजून उघडतो, आणि पुठ्ठा बराच कमी झालाय. त्याला वाटतं, मी हॉप्स ताजे आणायला लागलो.