मूत्राशयाच्या कर्करोगाची स्कॅनचित्रे आणि जनुकीय माहिती एकाच रुग्णाची आहे, हे कसे जुळवतात?

जुळवणीचा दुवा म्हणजे रुग्णाचे नाव काढून टाकल्यावर त्याला दिलेला सांकेतिक क्रमांक. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या टीसीजीए (द कॅन्सर जीनोम ॲटलास) या कर्करोगांची जनुकीय माहिती गोळा करणाऱ्या प्रकल्पात प्रत्येक नमुन्याला लांबलचक बारकोड असतो. त्याची पहिली १२ अक्षरे रुग्ण दर्शवतात आणि पुढचे दोन अंक नमुन्याचा प्रकार, म्हणजे ०१ असल्यास मूळ गाठ व १० असल्यास तुलनेसाठी घेतलेले रक्त. टीसीआयए या चित्रसंग्रहातील डायकॉम (वैद्यकीय स्कॅन साठवण्याचा प्रमाणित प्रकार) फाइलींमध्ये रुग्ण-क्रमांकाच्या जागी हीच १२ अक्षरे असल्यामुळे, जनुकीय तक्त्यातील बारकोड तेवढ्यावर छाटला की दोन्ही नोंदी जुळतात.

खरी अडचण त्यानंतर सुरू होते. टीसीजीएच्या मूत्राशय-कर्करोगाच्या जनुकीय संचात ४१२ रुग्ण असले तरी स्कॅन त्यांपैकी थोड्यांचेच उपलब्ध आहेत, आणि तेही नेहमीच्या उपचारांत, वेगवेगळ्या रुग्णालयांतील वेगवेगळ्या यंत्रांवर काढलेले. शिवाय मूत्रमार्गातून गाठ खरवडून काढल्यानंतरच्या स्कॅनमध्ये मूत्राशयाची भिंत सुजेमुळेही जाड दिसते. ती जाडी गाठीची समजून एफजीएफआर३ किंवा टीपी५३ या जनुकांतील बदलांशी तिचा संबंध जोडला, तर निष्कर्ष फसवा निघतो. म्हणून मी आधी स्कॅन शस्त्रक्रियेपूर्वीचा की नंतरचा, हे तपासतो.