लॅपटॉपात सोडियमचे सेल?

प्रश्न: जुन्या लॅपटॉपची बॅटरी बसलीये. सोडियम आयनचे १८६५० मापाचे (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) सेल ऑनलाइन मागवलेत, जुन्या लिथियम सेलचं मापही तेच आहे, जेल रोडवरचा मेकॅनिक म्हणतो लावून टाकू. लावू का? – एक वाचक, इंदूर

उत्तर: अहो थांबा, माप जुळलं म्हणून व्होल्टेज जुळत नाही, सोडियमचा सेल साधारण ३ व्होल्टचा, लिथियमचा ३.६-३.७ चा, आणि लॅपटॉप तर सेलमागे ४.२ पर्यंत चार्ज करतो, सोडियमला बहुधा ४ च्या आसपासच थांबवावं लागतं, म्हणजे ओव्हरचार्ज ठरलेलाच. खाली सोडियमचा सेल दीड व्होल्टपर्यंत आरामात उतरतो, पण पॅकमधलं सर्किट ३ च्या आसपासच गाशा गुंडाळणार, मग आधीच लिथियमच्या निम्मी कपॅसिटी, त्यातलीही बरीच वाया, आणि स्क्रीनवरचा टक्का तर निव्वळ थापा मारणार. हौस असेल तर सोडियमचाच बीएमएस (सेलचं चार्जिंग सांभाळणारं सर्किट) घेऊन सोलर दिवा बनवा ना!