इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि झिजणारे स्क्रू

प्रश्न : कपाटाच्या बिजागऱ्या कॉर्डलेस इम्पॅक्ट ड्रायव्हरने बसवताना स्क्रूची डोकी झिजतात, काही तर तुटतातच. काय चुकत असावे?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : स्क्रू जड जाऊ लागला की या यंत्रातील हातोडी फिरण्याच्या दिशेनेच ठोके देते आणि त्या जोरापुढे बिजागरीचा बारीक स्क्रू टिकत नाही. म्हणून आधी स्क्रूहून किंचित बारीक भोक पाडावे, स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारे, इम्पॅक्टसाठीचेच बिट (यंत्राच्या तोंडाशी बसवायचे टोक) लावावे, यंत्र सरळ रेषेत दाबून धरावे आणि ट्रिगर हलकेच ओढून ठोके सुरू होताच सोडावा. शेवटचा पीळ हाताने दिलेला बरा. बिट बदलताना बॅटरी काढावी. चष्मा हवाच, आणि फ्लॅटच्या बंद खोलीत कानांनाही संरक्षण हवे (शेजाऱ्यांच्या वामकुक्षीचा प्रश्न वेगळा). काँक्रीटच्या भिंतीत भोक पाडायचे असल्यास मात्र पुढच्या दिशेने ठोके देणारे हॅमर ड्रिलच वापरावे.