बांबू ग्रामसभेने विकावा की कंपनीने?

प्रश्न : आमच्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आहे. बांबू विकण्यासाठी कंपनी काढावी, असे तरुणांचे म्हणणे आहे. वडीलधाऱ्यांना ग्रामसभाच पुरेशी वाटते. काय करावे?
— एक वाचक, गडचिरोली जिल्हा

उत्तर : वडीलधाऱ्यांचे म्हणणे आधी ऐकावे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूचा समावेश गौण वनोपजात, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालात, केला आहे आणि तो विकण्याचा हक्क गावाला दिला आहे, त्यामुळे नुसत्या विक्रीसाठी कंपनीची गरज नाही. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार वाहतूक परवानाही ग्रामसभेने नेमलेली समितीच देते. आपल्याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये हक्क मिळाला, पण परवान्याचे पुस्तक हाती पडायला २०११ उजाडले, आणि मगच तेथील ग्रामसभेने, जिचे निर्णय सर्वसहमतीने होतात, बांबू स्वतः विकला.

खरी कसोटी बांबूच्या बेटापाशी, म्हणजे तोडीच्या वेळी, लागते. व्यापाऱ्याला घाई असते. परंतु कोवळे बांबू राखून केवळ पक्के तोडायचे, तेही जमिनीलगतच्या पेराच्या वर, आणि पावसाळ्यात कोंब फुटत असताना कोयता लावायचा नाही, ही शिस्त गावानेच पाळावयाची आहे. तोडीचा हिशेब, मजुरी आणि ग्रामकोषातील (गावाच्या निधीतील) जमा भर सभेत वाचून दाखवावी.

पुढे अगरबत्तीच्या काड्या किंवा फर्निचर करायचे ठरले, तर यंत्रे आणि कर्ज यांसाठी सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनी (उत्पादकच जिचे सभासद असतात अशी कंपनी) अवश्य काढावी. मात्र जंगलावरचा हक्क ग्रामसभेकडेच ठेवून कंपनीला केवळ ठरलेल्या दराने माल द्यावा, आणि तसा ठराव नोंदणीपूर्वीच करून घ्यावा.